समुद्रफुलासाठी टाकीतील खडकांची फेररचना करावी का, आणि करायची झाल्यास कशी?

निळी_टाकी_ठाणे

नमस्कार मंडळी,

माझी खाऱ्या पाण्याची टाकी 4 फूट लांब, दीड फूट रुंद आणि पावणेदोन फूट उंच आहे. ती सुरू होऊन 14 महिने झाले. टाकी लावताना सुमारे 30 किलो कोरडा खडक मी मागच्या काचेला टेकवून भिंतीसारखा रचला, कारण तेव्हा केवळ मासे आणि मऊ प्रवाळ ठेवण्याचा विचार होता. आज त्या भिंतीवर झोअँथिड आणि मशरूम हे मऊ प्रवाळांसारखे जीव चांगले पसरले आहेत, ओसेलारिस विदूषक माशांची एक जोडी आहे, वाळू उकरणारा एक गोबी मासा आहे आणि शंखात राहणारे काही खेकडे आहेत.

तीन आठवड्यांपूर्वी मी बबल टिप जातीचे, साधारण चार इंच पसरणारे समुद्रफूल (सी ॲनिमोन हा प्राणी) आणले आणि ते भिंतीच्या मधोमध, वरच्या एका सपाट दगडावर ठेवले. त्या रात्रीच ते तिथून खाली सरकले. दुसऱ्या आठवड्यात ते उजव्या बाजूच्या वेव्हमेकरच्या (पाण्यात प्रवाह निर्माण करणाऱ्या पंख्याच्या) इतके जवळ गेले की मला रात्रभर तो बंद ठेवावा लागला. गेल्या पाच दिवसांपासून ते खडक आणि मागची काच यांच्यामधील अरुंद फटीत जाऊन बसले आहे. समोरून ते दिसत नाही. बाजूच्या काचेतून पाहिले तर त्याचे संस्पर्शक आखडलेले आणि शरीर आक्रसलेले दिसते. तोंड मात्र घट्ट मिटलेले आहे आणि रंग अजून तपकिरीच आहे, पांढरा पडलेला नाही.

पाण्याची क्षारता (म्हणजे खारटपणा, विशिष्ट गुरुत्वात) 1.025, तापमान 26.5 अंश, अमोनिया शून्य, नायट्रेट 8 आणि अल्कलिनिटी 8.4 आहे. दिवे रोज आठ तास चालतात. आता प्रश्न असा आहे की, त्याला मनासारखी जागा मिळावी म्हणून मी ही सगळी भिंत उकलून खडक नव्याने रचावेत का? तसे केले तर 14 महिन्यांत बसलेली टाकीची घडी विस्कटेल का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्या फटीत पाय (शरीराचा चिकटणारा तळ) रोवून बसलेल्या जिवाला इजा न करता बाहेर कसे काढावे?

खडकवासी_पुणे

नमस्कार. तुम्ही दिलेल्या आकड्यांत दोष काढण्यासारखे काही नाही आणि टाकीचे वयही समुद्रफुलासाठी पुरेसे आहे. त्यामुळे ते पाण्याला कंटाळून फिरत आहे असे मला वाटत नाही. ते जागा शोधत आहे, आणि हवी तशी जागा तुमच्या भिंतीत नाही.

प्रवाळभित्तीवर बबल टिप आपला पाय खडकाच्या खोल फटीत रोवते आणि शरीराचा फक्त वरचा भाग उजेडात पसरते. काही खटकले की सगळे शरीर आत ओढून घेते. म्हणजे एकाच ठिकाणी पायाला अंधार व आडोसा आणि वरच्या भागाला भरपूर उजेड, असे दोन्ही त्याला हवे असते. तुमच्या भिंतीच्या दर्शनी बाजूला उजेड आहे, पण सपाट दगडावर पाय लपवायला जागा नाही. मागे फट आहे, पण तिथे उजेड पोहोचत नाही. त्याने दोहोंपैकी आडोसा निवडला. तिथे ते फार काळ तग धरणार नाही, कारण त्याच्या शरीरात राहणारे सहजीवी शैवाल प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्या अन्नाचा मोठा वाटा फुलाच्या वाट्याला येतो.

तेव्हा फेररचना करावी असे माझे मत आहे, मात्र सगळी भिंत उकलू नये. तुमच्या टाकीत डाव्या किंवा उजव्या एक तृतीयांश भागातले खडक काढून त्यांचे स्वतंत्र बेट उभे करावे आणि ते व उरलेली भिंत यांच्यामध्ये किमान सहा-आठ इंच मोकळी वाळू ठेवावी. पाय रोवायला काही नसलेल्या वाळूवरून सरकणे बबल टिपला आवडत नाही, म्हणून ते बहुधा बेटावरच फिरत राहते आणि त्याचे डंख झोअँथिडपर्यंत पोहोचत नाहीत. यात हमी नाही, हेही सांगून ठेवतो. जागा अगदीच नापसंत असेल तर ते पाय सोडून पाण्यात तरंगत दुसरीकडे जाऊ शकते.

बेटाचा आत्मा म्हणजे त्यातील फट. तळहाताएवढे दोन-तीन दगड असे जुळवावेत की वरून किंवा तिरक्या बाजूने दीड-दोन इंच रुंदीचे तोंड राहील आणि आत किमान तीन इंच खोली मिळेल. फटीचा तळ व मागची बाजू बंद असली पाहिजे, याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. आरपार भोक ठेवले तर फूल एका बाजूने आत शिरते आणि दुसऱ्या बाजूने अंधारात बाहेर पडते, म्हणजे आज तुमच्याकडे जे झाले आहे तेच पुन्हा होते. फटीचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागापासून साधारण अर्ध्या उंचीवर असावे. तुमच्याकडे किंवा ओळखीत प्रकाश मोजण्याचे पार मीटर असेल तर तिथे 150 ते 250 यांदरम्यान आकडा मिळतो का ते पाहावे. प्रवाह थेट अंगावर आदळू नये; संस्पर्शक सावकाश डोलत राहतील इतकाच असावा.

खडक वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर टेकवावा. तुमच्याकडे वाळू उकरणारा गोबी आहे, त्यामुळे ही सूचना तुमच्यासाठी अधिकच महत्त्वाची आहे. प्रत्येक दगड खालच्या दगडांवर तीन ठिकाणी टेकला पाहिजे आणि हाताने हलवून पाहिल्यावर जराही डुलता कामा नये. जोडण्यासाठी जेल स्वरूपातील सुपरग्लू आणि पाण्याखाली घट्ट होणारी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी एकत्र वापरावी: आधी ग्लू, त्यावर पुट्टी, पुन्हा ग्लू आणि मग दुसरा दगड. पुट्टीमुळे एक-दोन दिवस स्किमर (फेसाद्वारे पाण्यातील घाण काढणारे यंत्र) अनावर फेस काढतो, म्हणून त्याचा कप थोडा वर उचलून ठेवावा.

एक गोष्ट मात्र आजच करा. दोन्ही वेव्हमेकरना जाड स्पंजचे किंवा बारीक जाळीचे आवरण बसवा. फिरत्या पंख्यात सापडलेले समुद्रफूल क्वचितच वाचते आणि त्याच्या चिंध्यांनी संपूर्ण टाकीचे पाणी नासते.

शांत_पाणी_नाशिक

वरील सल्ल्यातील बेटाची कल्पना मला पटते, पण घाई करू नये असे कळकळीने सांगावेसे वाटते, कारण या घाईची किंमत मी स्वतः मोजली आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या तीन फुटी टाकीत मी असाच बदल एका संध्याकाळी उरकला. खडक उचलताना मागे साठलेला गाळ पाण्यात मिसळत होता हे दिसत असूनही मी तो उपसून काढला नाही, आणि नवी रचना थेट वाळूवर उभी केली. चौथ्या रात्री खालची वाळू सरकून वरचा दगड घसरला आणि त्याखाली समुद्रफुलाचा पाय चिरडला गेला. सकाळी पाणी दुधासारखे झाले होते. फूल तर गेलेच, पण दुपारपर्यंत दोन मासेही गेले. मेलेले समुद्रफूल पाण्यात किती झपाट्याने सडते याची कल्पना मला त्या दिवशी आली. संशय आला तेव्हाच ते बाहेर काढले असते तर निदान मासे वाचले असते.

म्हणून माझी सूचना अशी की आधी फुलाला आपणहून बाहेर येऊ द्यावे. भिंत मागच्या काचेपासून चार बोटे पुढे सरकवता आली तर फटीतील आडोसा कमी होईल आणि वरून उजेडही शिरेल. प्रवाहाचे तोंड बदलून त्या फटीत थोडे पाणी खेळवले तरी काही वेळा ते दोन-तीन दिवसांत जागा सोडते. बेट त्याआधीच बांधून तयार ठेवावे, म्हणजे बाहेर पडल्यावर त्याला जवळच पर्याय सापडेल.

ओहोटी_रत्नागिरी

मी येथे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. माझ्याकडे मत्स्यालय नाही, परंतु ओहोटीच्या वेळी विद्यार्थ्यांना घेऊन कातळांवर जाण्याचा बराच अनुभव आहे, त्यामुळे या जिवाच्या पायाबद्दल थोडे लिहिते.

आपल्या किनाऱ्यावरील खडकाळ डबक्यांत जी समुद्रफुले दिसतात त्यांच्या जाती तुमच्या टाकीतील जातीहून वेगळ्या आहेत, पण त्यांपैकी अनेक अशाच चिरांमध्ये पाय रोवून बसलेली असतात आणि काहींनी अंगाला वाळूचे कण व शिंपल्यांचे तुकडे चिकटवून घेतलेले असतात. त्यांना ओढून काढण्याचा मोह मुलांना होतो आणि मला दरवेळी तो थांबवावा लागतो. ओढल्यावर पाय सुटत नाही, तो आणखी आवळला जातो आणि शेवटी फाटतो. या प्राण्याला हाडे नाहीत. शरीरात भरून घेतलेले पाणी आणि त्याभोवतीचे स्नायू हाच त्याचा सांगाडा असतो. पाय फाटला की ते पाणी धरून ठेवण्याची क्षमता जाते आणि जखमेत संसर्ग होतो. लहानशी इजा भरून येते, मोठी बहुधा येत नाही.

तुम्ही लिहिलेले आक्रसलेपण हे एकटेच मरणाचे लक्षण नव्हे. समुद्रफुलाला एकच द्वार असते; अन्न आत घेणे आणि टाकाऊ पदार्थ बाहेर टाकणे त्याच तोंडाने होते, म्हणून शरीरातील पाणी बदलण्यासाठी ते अधूनमधून पूर्ण मिटते आणि काही तासांनी पुन्हा फुलते. तोंड सैल पडून उघडे राहणे, आतील भाग बाहेर येणे आणि बोट लावल्यावर संस्पर्शक न चिकटणे ही खरी चिंतेची चिन्हे आहेत. तुमच्या फुलाचे तोंड मिटलेले आहे आणि रंग टिकून आहे, तेव्हा अजून वेळ आहे.

हा जीव किती चिवट असू शकतो याचे एक उदाहरण मला फार प्रिय आहे. सर जॉन डॅलिएल या निसर्ग अभ्यासकाने 1828 मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणले होते. ते डॅलिएल यांच्या पश्चातही एडिंबरामध्ये साध्या काचेच्या बरणीत, नियमित पाणी बदलत, 1887 पर्यंत जगले. लोक त्याला आजी म्हणत. ती जात थंड पाण्यातली आणि वेगळी होती, पण हाताळणी काळजीपूर्वक असेल तर समुद्रफूल दशकानुदशके जगू शकते, एवढे त्यावरून नक्की कळते.

जाता जाता आणखी एक. बेटासाठी दगड कमी पडले तर किनाऱ्यावरून उचलून आणू नका. आपला जांभा लोहाने भरलेला असतो, तो टाकीत घालण्यासारखा नाही. आणि खडकावर दगडी प्रवाळ वाढलेले असेल तर ते उचलणे हा गुन्हाच आहे, कारण 2001 पासून सर्व दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

निळी_टाकी_ठाणे

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभारी आहे. वेव्हमेकरना स्पंज कालच बसवला.

आज टॉर्च लावून नीट पाहिले. पायाचा मोठा भाग नारळाएवढ्या एका दगडाच्या मागच्या बाजूला चिकटलेला आहे आणि कडेचा थोडा भाग काचेवर आहे. तो दगड भिंतीच्या डाव्या टोकाला, वरून दुसऱ्या थरात आहे. त्यामुळे भिंत पुढे सरकवायची म्हटले तर पाय दोन्हीकडून ताणला जाईल अशी भीती वाटते. त्या दगडाच्या वरच्या थरावर झोअँथिडची बरीच वाढ आहे, तो थर आधी उचलावा लागेल. अशा स्थितीत काय करावे?

खडकवासी_पुणे

ही तर अनुकूल गोष्ट आहे. पाय ज्या दगडावर आहे तो दगडच बेटाचा भाग करावा, म्हणजे फुलाला दगडापासून सोडवण्याची वेळ येणार नाही. सोडवायचा आहे तो केवळ काचेवरचा भाग, आणि काच गुळगुळीत असल्यामुळे ते तुलनेने सोपे असते. जुन्या प्लास्टिक कार्डाची कड घासून गोल करून घ्यावी, किंवा बोटाचे नख बारीक कापून बोटाच्या टोकाने कडेपासून अगदी थोडे थोडे सुटे करत जावे. आवळून धरले तर थांबावे आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरुवात करावी. या कामाला तासभर लागला तरी लागू द्यावा.

झोअँथिडविषयी मात्र अत्यंत गांभीर्याने सांगतो. त्यांच्यापैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचे अतितीव्र विष असते आणि खडक उचलताना चिरडलेल्या झोअँथिडचे पाणी डोळ्यात किंवा जखमेत गेल्यामुळे लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले आहे. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालूनच हात टाकीत घालावा. हाताला कापले असेल तर त्या दिवशी काम करू नये. त्या दगडांवर कधीही गरम पाणी ओतू नये किंवा ते उकळू नयेत, कारण वाफेतून विष श्वासात जाते. घरात लहान मुले असतील तर त्यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

कामाचा दिवस सुट्टीचा निवडावा आणि सकाळी लवकर सुरुवात करावी, म्हणजे काही बिनसले तर सावरायला दिवस हाताशी राहतो. आदल्या दिवशी आरओ-डीआय (गाळून पूर्ण शुद्ध केलेल्या) पाण्यात मीठ विरघळवून टाकीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतके पाणी तयार ठेवावे. त्याची क्षारता आणि तापमान टाकीशी तंतोतंत जुळले पाहिजे. प्रत्यक्ष कामाच्या वेळी हीटर, वेव्हमेकर आणि संपचा (पाणी गाळणाऱ्या जोड-टाकीचा) पंप बंद करावेत. पाण्याबाहेर उघडा पडलेला तापता हीटर फुटतो, त्यामुळे त्याचा विसर पडू देऊ नये. टाकीतीलच पाणी भरलेल्या दोन टबांमध्ये खडक ठेवावेत आणि ते हवेत अजिबात ताटकळू देऊ नयेत. खडकात वाढणारे स्पंज हे जीव हवेच्या संपर्काने मरतात आणि नंतर सडून अमोनिया वाढवतात. दगड उचलला की त्यामागचा गाळ लगेच नळीने उपसावा, तो पाण्यात पसरण्याची वाट पाहू नये. गाळासोबत जाणाऱ्या पाण्याच्या जागी तयार ठेवलेले पाणी येईल. वाळू मात्र खोलवर ढवळू नये. फक्त बेटाच्या पायाच्या जागेची वाळू बाजूला सारून काच मोकळी करावी.

घडी विस्कटण्याची भीती बाळगू नये. उपयुक्त जिवाणू खडकाच्या आत आणि पृष्ठभागावर असतात. खडक ओला राहिला तर ते जागचे हलत नाहीत. तरीही आठवडाभर रोज अमोनिया तपासावा आणि संपमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन घालावा.

ज्या बाजूला फुलाचा पाय आहे ती बाजू नव्या फटीच्या आत वळवून दगड ठेवावा. म्हणजे त्याच्या दृष्टीने पाय होता तिथेच राहील, फक्त डोक्यावर उजेड येईल. अंधारात आठवडा गेलेला असल्यामुळे दिव्यांची तीव्रता आधी निम्म्यावर आणावी आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू पूर्ववत करावी.

निळी_टाकी_ठाणे

पाच आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे.

गेल्या महिन्यातील एका रविवारी सकाळी सात वाजता काम सुरू केले आणि दुपारी अडीच वाजता संपले. पत्नीने टॉर्च आणि नळी सांभाळली. झोअँथिडचे दगड अखंड उचलून टबात ठेवले, एकही चिरडू दिला नाही. काचेवरचा पाय सुटायला पाऊण तास लागला. शेवटचा नखाएवढा भाग काही केल्या निघेना, तेव्हा वीस मिनिटे हात बाहेर काढून थांबलो आणि परत पाहिले तर तो त्यानेच सोडला होता. भिंतीमागून इतका गाळ निघाला की मी अवाक् झालो. तिसऱ्या दिवशी अमोनिया किंचित दिसला, चौथ्या दिवशी आणखी थोडे पाणी बदलले आणि सहाव्या दिवसापासून तो शून्यावर आहे.

पहिले दोन दिवस फूल फटीत पूर्ण मिटून होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी थोडे उघडले, आणि आठवड्याने मी ठेवलेल्या तोंडातून बाहेर न येता त्याच दगडाच्या खांद्याखाली असलेल्या, माझ्या लक्षातही न आलेल्या एका चिरेतून बाहेर आले. तिथे ते गेले 25 दिवस स्थिर आहे, पाच इंचांपर्यंत पसरते आणि संस्पर्शकांच्या टोकांना आता फुगीर बोंडे दिसू लागली आहेत. ती चीर मागून बंद आहे, हे बोटाने चाचपून पाहिले.

दोन शंका उरल्या आहेत. विदूषक माशांची जोडी अजूनही त्याच्याकडे फिरकत नाही, जुन्या कोपऱ्यातच झोपते. आणि फुलाला वेगळे अन्न द्यावे का?

ओहोटी_रत्नागिरी

वाचून फार आनंद झाला. माशांची चिंता करू नये. निसर्गात ओसेलारिसचा सहवास बबल टिपशी नसतो. ते 'भव्य समुद्रफूल' या नावाच्या जातीत आणि गालिचासारख्या पसरणाऱ्या जातींमध्ये राहतात. टाकीत ते अनेकदा बबल टिप स्वीकारतात, पण त्यासाठी काही दिवस लागतात किंवा काही महिने, आणि कधी कधी ते स्वीकारतही नाहीत. समुद्रफुलाविना ते मासे टाकीत उत्तम जगतात.

खडकवासी_पुणे

चीर त्यानेच निवडली आहे, तेव्हा आता तिथला एकही दगड हलवू नका. अन्न म्हणून आठवड्यातून एकदा, करंगळीच्या नखाएवढा ताज्या कोळंबीचा तुकडा चिमट्याने संस्पर्शकांना लावावा. तासाभराने तुकडा बाहेर टाकलेला दिसला तर तो काढून घ्यावा आणि पुढच्या वेळी त्याहून लहान द्यावा. एप्रिल-मे जवळ येत आहेत. पाणी 28 अंशांच्या वर जाऊ लागले तर चिलरची किंवा निदान पृष्ठभागावर वारा घालणाऱ्या पंख्यांची सोय आत्ताच करून ठेवावी. पंख्यांमुळे पाण्याची वाफ जास्त होईल, त्यामुळे रोज गोडे पाणी घालून क्षारता 1.025 वर राखावी लागेल.